टाकीतली टकटक

ही गोष्ट माझ्या धाकट्या मावशीची. तिला साधी थाप मारता येत नाही, आणि मीही पदरचं काही घातलेलं नाही. पटलं तर बघा.

मावशी एका प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. तळघरातली बिनखिडकीची खोली. भर दुपारीही आत अंधार, कारण तिथल्या काचेच्या टाकीतला मासा अंधारात वावरणारा. उजेड म्हणून एक मिणमिणता लाल दिवा.

मासा काळा, वीतभर. तो अंगातून हलकी वीज सोडायचा, आपल्याला जाणवणारही नाही इतकी. जवळ दगड आला, धातू आला, जिवंत काही आलं, की ती वीज वेगवेगळी वळायची. माशाला ते कातडीवर कळायचं. अंधारात तो असा चाचपडायचा.

पाण्यातल्या तारा एका स्पीकरला जोडल्या होत्या. त्यावर माशाची वीज ऐकू यायची.

टक्… टक्… टक्…

काही नवीन जवळ आलं की टकटकटकटक.

मावशीच्या आधी तिथे एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. टाकीत हात घातला आणि पंपाच्या उघड्या वायरचा शॉक बसून जागच्या जागी गेल्या.

"त्यांचाच निष्काळजीपणा," असं तिथले मोठे सर म्हणायचे.

त्या दुपारी मावशी एकटीच होती. आणि अचानक…

टकटकटकटक.

तिने वाकून पाहिलं. टाकीत काहीच नव्हतं.

पण मासा मधल्या रिकाम्या जागेला चिकटून शेपटीकडून मागे मागे सरकत होता.

तिने तिथे प्लॅस्टिकची पट्टी घातली. कशालाच लागली नाही. बोटांना लागलेलं पाणी मात्र बर्फासारखं गार.

तिने सरांना बोलावलं. ते हसतच आले.

"मासा बिघडला असेल. तुम्ही बिघडू नका."

मग त्यांनी पाहिलं.

मासा रिकाम्या पाण्यात वर गेला… वळला… खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. पाच वेळा.

जणू कोणाच्या तरी पसरलेल्या बोटांमधून फिरत होता.

सरांचा चेहरा पडला. ते टाकीकडे बघत पुटपुटले, "तुला सांगितलं असतं तर काम अडलं असतं."

"काय सांगितलं असतं, सर?"

"वायर…"

आणि दिवे गेले.

पंप थांबला. स्पीकरही बंद पडायला हवा होता.

टकटकटकटक…

मग पाण्यात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज.

"सर?"

मावशी भिंतीला धरून चाचपडत दारापर्यंत पोचली आणि जिना चढून पळाली.

माणसं टॉर्च घेऊन आली, तेव्हा सर टाकीवर ओणवे होते. हात खांद्यापर्यंत पाण्यात. अंगात जीव नव्हता.

डॉक्टर म्हणाले, शॉक लागलाय.

तिथला इलेक्ट्रिशियन नुसता बघत राहिला. दुरुस्तीसाठी त्यानेच मेन स्विच बंद केला होता. अख्ख्या इमारतीत वीज नव्हती.

मावशीने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

काही दिवसांनी त्याच इलेक्ट्रिशियनचा फोन आला. आवाज दबका.

"बाई, ती वायर उघडी आहे हे मलाही ठाऊक होतं. सर म्हणाले, राहू दे. मीही गप्प बसलो. ताईंना बोललो नाही… त्या मला सोडतील ना?"

मावशीचं डोकं तडकलं. "मला काय विचारता? त्यांना विचारा," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने खरंच विचारलं असावं…

कारण दुसऱ्या सकाळी तो त्या तळघरात सापडला. टाकीसमोर गुडघे टेकून बसलेला. जिवंत.

त्याला घरी नेलं. बायको भरवते, तो जेवतो. हाक मारली की मान वळवतो.

पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडून एक शब्द फुटलेला नाही.

त्याला काय उत्तर मिळालं असेल, हे मावशीला आम्ही कधी विचारत नाही.