"बाई, जरा बाजूला सरकता का?"

माझी मावशी भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई. कोणी सांगायला लागलं की म्हणायची, "पुरे, झोपा आता." त्याच मावशीने मला हे सांगितलं, तेही एकदाच. म्हणून यातल्या एकाही शब्दावर मला शंका घेता येत नाही.

रात्र नव्हती. लख्ख दिवस होता. गुरुवार. मावशीचा बदली शिक्षिका म्हणून पहिला दिवस.

आजी आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मावशीने एकटीने केलं. आजी गेली आणि बोलायला फक्त भिंती उरल्या. दिवस दिवस मावशीच्या तोंडून शब्द निघायचा नाही. अशात एका शाळेतून निरोप आला. तिसरीच्या बाई चार दिवस आल्या नव्हत्या.

"न कळवता दांडी! फोनसुद्धा उचलत नाहीत," मुख्याध्यापिका धुसफुसत होत्या. "आज वर्ग नीट सांभाळा, तुम्हालाच ठेवते. फक्त माझ्यापर्यंत तक्रार यायला नको."

मावशीला ती नोकरी हवीच होती. चार माणसांत बसायला मिळणार होतं ना.

पहिला तास. तिने फळ्यावर तारीख लिहिली आणि वर्गाकडे तोंड करून धडा वाचायला घेतला.

मुलं शहाण्यासारखी बसली होती.

आणि मग... सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.

मुलं तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

माना खाली गेल्या. पेन्सिली चालू लागल्या.

पाठीमागे खडू करकरला...

ती गर्रकन वळली. फळ्यावर फक्त तारीख होती.

"काय लिहिताय रे?"

"फळ्यावरचं, बाई."

नव्या बाईंची फिरकी घेतायत झालं, असं तिने मनाला समजावलं.

दुसऱ्या तासाला पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली.

"बाई, जरा बाजूला सरकता का? दिसत नाहीये."

आवाजात खोडी नव्हती.

मावशी सरकली. मुलगी खाली बसली आणि भराभर लिहू लागली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे आपापले घोळके होते. मावशी कोपऱ्यात डबा उघडून बसली. शेवटी तिने धीर करून चौथीच्या बाईंना विचारलं.

"अहो, पोरं नव्या माणसाचं पाणी जोखतात," त्या हसल्या. "काणाडोळा करायचा."

तिने काणाडोळा केला.

दुपारी आवाज बदलला. खडू आता हळू चालत होता. मध्येच थांबायचा... बराच वेळ... मग दमल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा.

मावशी मोठ्याने वाचत राहिली. चार पावलं पुढे जाऊन एखादी वही बघता आली असती. नाही बघितली. वर्ग खदखदून हसला असता, बोभाटा झाला असता आणि उद्यापासून पुन्हा त्याच भिंती.

शेवटची घंटा झाली.

खडूचा आवाज त्याच क्षणी थांबला.

वह्या तपासायला गोळा केल्या, तेव्हा वरची वही सहज उघडली गेली. सकाळच्या धड्याखाली एक ओळ होती.

"मी घरीच आहे."

पान उलटलं.

"मी पडले आहे. उठता येत नाही."

शेवटच्या तासाचं पान.

"दार आतून लावलंय. कोणीतरी या."

दुसरी वही. तिसरी. सगळ्या वह्यांत त्याच ओळी.

"हे कोणी लिहिलं होतं फळ्यावर?"

"आमच्या बाईंनी," दोन वेण्यांची मुलगी दप्तर भरत म्हणाली. "घंटा झाली तशा गेल्या."

मावशी वह्या छातीशी धरून मुख्याध्यापिकांकडे धावली. त्यांनी दोनच वह्या पाहिल्या आणि चपला पायांत सरकवल्या. शिपायाने घर पाहिलेलं होतं, मागच्याच गल्लीत. हाका मारल्या, कडी वाजवली. शेवटी शिपायाने खांदा लावून दार तोडलं.

तिसरीच्या बाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. एकट्याच राहायच्या. उजव्या हाताची बोटं पांढरी झाली होती.

"पीठ असेल," शिपाई पुटपुटला.

पिठाचा डबा फळीवर होता. झाकण लावलेला.

डॉक्टर आले. "पाय घसरला असणार. चार दिवस अशाच पडून होत्या," ते म्हणाले. मग घड्याळाकडे पाहिलं. "पण जाऊन फार तर अर्धा तास झालाय. सकाळी कोणी आलं असतं, तर वाचल्या असत्या."

अर्धा तास. म्हणजे शाळा सुटली तेव्हा.

सकाळपासून त्या जिवंत होत्या. सकाळपासून हाका मारत होत्या. आणि मावशी फळ्याकडे पाठ करून धडा वाचत होती.

ती नोकरी मावशीने अकरा वर्षं केली. ती रोज प्रत्येक तासाला एकूण एक वही बघायची. मुलं कंटाळायची.

मावशी अजून एकटीच राहते. दाराला आतून कडी लावत नाही. मी एकदा रागावलो, "अगं, चोर शिरला म्हणजे?"

"शिरू दे," ती म्हणाली. "कोणीतरी येईल तरी."

मी दुसऱ्या गावी असतो. रोज सकाळी तिला फोन करतो. रिंग वाजत राहते... ती उचलेपर्यंत मी समोरच्या कोऱ्या भिंतीवर काही उमटतंय का, ते बघत बसतो.