पितृपक्षातली गर्दी

"भाऊजी, आहात तसे निघून या," उत्तरा फोनवर म्हणाली. "यांनी शोरूमच्या त्या मुलीला घरी बोलावून बसवलंय. पोलिसात द्यायचं म्हणतायत. ती नुसती रडतेय."

रंगनाथने चपला घातल्या. उत्तराचं घर गंगापूर रोडलाच, पुढच्या गल्लीत. तिचा नवरा शामसुंदर हा रंगनाथचा तरुणपणापासूनचा मित्र. दीड वर्षापूर्वी रंगनाथची बायको विमला गेली. तेव्हापासून तो जाईल असं हे एकच घर उरलं होतं.

हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला सायली बसली होती. द्वारका चौकाजवळच्या शोरूममध्ये ती गाड्या विकायची. समोर दाताचे डॉक्टर गौरांग येरझाऱ्या घालत होते. खिडकीजवळ मोतीराम, मालेगावचा शेअर दलाल. टीपॉयवर पोलिसांना द्यायचा तक्रार अर्ज. आरोपीच्या जागी सायलीचं नाव लिहिलेलं होतं. सह्या व्हायच्या होत्या.

"बरं झालं आलास," शामसुंदर म्हणाला. "गाड्यांचे खोटे फोटो ओळखण्यात तुझा जन्म गेला. तूच सांग यांना."

ते खरं होतं. रंगनाथ वाहन विम्याचा सर्व्हेअर होता, अपघातांचे दावे तपासणारा.

"आधी मला नीट सांगा," तो म्हणाला. "मी तुमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपात नाही."

गौरांगांनी सांगितलं. निर्धूर मोटर्स नावाची विजेवरच्या गाड्या बनवणारी कंपनी. शेअर अजून बाजारात आलेले नव्हते. दलालामार्फत ओळखीतच विकले जायचे. भाव चालायचा तो लोकांच्या आशेवर. गाड्यांना मागणी येणार असं वाटलं की चढायचा, शंका आली की उतरायचा. भाद्रपदात तो उतरू लागला. तेवढ्यात शामसुंदरने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कंपनीच्या द्वारका चौकाजवळच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खाली लिहिलं होतं : ही आजची गर्दी. पितृपक्षात एवढी, मग दसऱ्याला किती?

"आम्ही सगळ्यांनी घेतले," गौरांग म्हणाले. "मी नव्या दवाखान्याचे पैसे घातले. दिवाळीनंतर कंपनी म्हणते, अर्धं बुकिंग रद्द, शेअर बाजारात आणणं पुढे ढकललं. आता फुकट दिले तरी कोणी घेत नाही."

"व्हिडिओ कोणी दिला?"

"हिने," शामसुंदर म्हणाला. "आजची गर्दी म्हणून पाठवला. मी विश्वास ठेवला."

"काका, मी नाही पाठवला," सायली म्हणाली. "तुम्ही चौकशीला आलात तेव्हा मी फक्त किमती पाठवल्या होत्या."

"मेसेज दाखव, शाम."

"फोन बदलला मी. जुन्यातलं सगळं गेलं."

रंगनाथ मोतीरामकडे वळला. "शेअर तुमच्यामार्फत घेतले ना सगळ्यांनी? कमिशन मिळालं असेल."

"मिळालं ना. मी काय देवळात बसतो का?" मोतीराम म्हणाला. "पूर्वी लुगडी विकायचो, तेव्हा लोक दहा वेळा कापड चोळून बघायचे. शेअरला कोणी हात लावून बघत नाय. त्यात माझी काय चूक?"

"कोणाचे शेअर विकलेत?"

"ते नाय सांगायचं. धंद्यात विकणाऱ्याचं नाव फोडत नाय."

"तू या मुलीची चौकशी कर," शामसुंदर म्हणाला. "याची कसली करतोस?"

रंगनाथने सायलीला विचारलं, "शोरूमला केव्हा लागलीस?"

"गेल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेला."

"यंदा पितृपक्षात किती गर्दी होती?"

"माश्या मारत होतो, काका. साहेबांनी आम्हाला गाड्या पुसायला लावल्या होत्या."

गौरांगांनी फोन पुढे केला. रंगनाथने व्हिडिओ लावला. मूळ आवाज काढून वर सनई टाकलेली. माणसांची दाटी, पेढ्यांचे बॉक्स. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. कोणीतरी नारळ फोडला. डाव्या कडेला ओवाळणीचं ताम्हण धरलेला एका बाईचा हात येऊन गेला. हिरव्या बांगड्या, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

रंगनाथने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा थांबवला. मग फोन टीपॉयवर पालथा ठेवला.

"भाऊजी, पाणी देऊ का?" उत्तराने विचारलं.

"नको. एक सांगा. तुमच्या वल्लरीची गाडी याच शोरूममधून घेतली होती ना?"

"हो. आमची लेक नोकरीला लागली त्या वर्षीचा दसरा. मुहूर्ताला ही तोबा गर्दी. विमलावहिनी आल्या होत्या की. तुम्ही पुण्याला होतात."

"शूटिंग कोणी केलं?"

"यांनीच. यांच्याशिवाय कोणाला करू देतात का?"

शामसुंदर उठून उभा राहिला. "त्याचा इथे काय संबंध?"

"बस, शाम."

तो बसला.

"मला त्या लिंबावरच शंका आली होती," रंगनाथ म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मानलंत की नव्या पिढीला पितृपक्षाचं काही नाही. असेल. पण ज्याला काही नाही, तो चाकाखाली लिंबू ठेवत नाही. नारळ फोडत नाही, सवाष्णीकडून गाडी ओवाळून घेत नाही. आणि जो हे सगळं करतो, तो पितृपक्षात नवी गाडी घरी नेत नाही. एखादा चुकार निघेल. अख्खं शोरूम भरणार नाही. म्हणजे गर्दी खरी होती, दिवस खोटा होता."

"म्हणजे शोरूमवाल्यांचाच जुना व्हिडिओ," शामसुंदर म्हणाला. "तोच तर हिने दिला."

"शोरूमचा नाही. कडेला जो हात आहे, तो विमलाचा आहे."

उत्तराने तोंडावर हात ठेवला.

"आमच्या जुन्या गाडीच्या दारात तिची करंगळी चेमटली होती. दार मीच लावलं होतं. पुढे ती सरळ झाली नाही. विमलाला जाऊन दीड वर्ष झालं. या पितृपक्षात मी रामकुंडावर अविधवा नवमीला तिचं श्राद्ध केलं. त्या पंधरवड्यात ती शोरूममध्ये ओवाळत कशी असेल? तो वल्लरीच्या गाडीचा दसरा आहे. सायली तेव्हा तिथे नव्हती. शूटिंग घरच्या फोनवरचं, ते तुझ्याकडे होतं. वल्लरी, उत्तरा, ओळखू येईल ते सगळं तू कापलंस. हात राहून गेला."



"मोतीराम, पुन्हा विचारतो. शेअर कोणाचे होते?"

मोतीरामने शामसुंदरकडे पाहिलं, मग अर्जावरच्या नावाकडे. "पोरीचा काही दोष नसताना तिला आत घालायचं म्हणजे लय झालं," तो म्हणाला. "यांचेच होते. सगळेच्या सगळे. दसऱ्याच्या आत विकून दे, बोलले होते."

"का ते उघड आहे," रंगनाथ म्हणाला. "याने खूप आधी घेतले होते. बुकिंग रद्द होतंय हे शोरूममध्ये चौकशीला गेला तेव्हा कळलं. दसऱ्याला शोरूम रिकामं दिसलं असतं तर सगळ्यांनाच कळलं असतं. त्याआधी गिऱ्हाईक हवं होतं. ते रोज सकाळी याच्याबरोबर फिरायला येत होतं."

गौरांग खुर्चीत बसले. "काका, तुम्ही माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी धरली होती."

शामसुंदरने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "रंगा, माझं सगळं बुडत होतं," तो म्हणाला. "तू तरी समजून घे. विमलावहिनींच्या आजारपणात मी दवाखान्यात रात्ररात्र बसलो होतो."

"बसला होतास. ते मी कुठेही सांगेन."

"मग?"

"तेव्हा तिचा हाच हात धरून बसायचास. आणि विकायला काढलास तेव्हा तुला तो ओळखूही आला नाही."

उत्तरा उठून आत गेली. दार लावल्याचा आवाज आला.

रंगनाथने सायलीला सांगितलं, "तू घरी जा, पोरी. डॉक्टर तुला स्टॉपवर सोडतील." गौरांग मुकाट्याने उठले.

मग त्याने अर्ज ओढला आणि सायलीच्या नावावर आडवी रेघ मारली. वर नवं नाव लिहायला जागा होती. फॉर्मला पूर्ण नाव हवं होतं, वडिलांच्या नावासकट, वय, पत्ता, मूळ गाव. रंगनाथने सगळं लिहिलं. त्याला कोणाला काही विचारावं लागलं नाही.