आजोबांच्या वळणावर

तळवाडीत मूल जन्माला आलं की मुलगा की मुलगी हे लोक नंतर विचारत. आधी विचारत, "भांडं कुणाचं देताय?"

तळवाडी म्हणजे देवगडच्या किनाऱ्यापासून कितीतरी आत, समुद्राच्या तळाशी वसलेली वाडी. माणसं खाली गेली खाणकामाला, पण कोकणी माणूसच तो, जाईल तिथे वाडी करून बसणार! तिथल्या घरांत हवा होती, पण प्राणवायू अगदी बेताचा. त्या दाबाखाली खोल्या प्राणवायूने भरून ठेवल्या असत्या, तर एका ठिणगीत अख्खी वाडी भाजून निघाली असती. म्हणून ज्याचा प्राणवायू त्याच्या भांड्यात.

भांडं दिसायला तांब्याएवढं. आत स्फटिकांची भुकटी. घावन कसं जाळीदार पडतं, तशी तिच्या कणाकणाला जाळी होती; फक्त भोकं इतकी बारीक, की एकेका भोकात वायूचे दोन-चार रेणूच मावावेत. चिमूटभर भुकटीतली ही सगळी जाळी उलगडून पसरली, तर घरापुढचं खळं झाकून उरेल. एवढ्या जागेत वायू मुकाट चिकटून बसतो. विजेचा हलका इशारा दिला की भोकांची तोंडं उघडतात आणि वायू सुटतो. उलटा इशारा दिला की तोंडं मिटतात. हा इशारा द्यायला छातीवर एक पट्टा असे. छाती फुगू लागली की भांडं नळीतून नाकाशी प्राणवायू सोडी, छाती बसली की गप्प होई. तळवाडीतली माणसं 'जीव भांड्यात पडला' म्हणत, तेव्हा त्यांना ते अगदी शब्दशः म्हणायचं असे.

सुरंगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिचे बाबा जाऊन थोडेच महिने झाले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. श्वास हळूहळू लांबत गेला आणि थांबला, त्रास काही झाला नाही, असं सगळे म्हणाले. त्यांचं भांडं त्या दुपारपासून फडताळात होतं, मिटलेलं.

मुलगी झाली, चिमी. तिच्यासाठी वरून नवं कोरं भांडं आलं होतं. आईने ते हातात घेऊन पाहिलं आणि सरळ बाजूला ठेवलं.

"नव्या जिवाला नवं कोरं घालू नये गो. दुपटीसुद्धा आपण जुन्या लुगड्याची शिवतो. तिला तिच्या आजोबांचं भांडं लाव."

सुरंगीलाही ते मनापासून पटलं. वाडीतली भांडी सांभाळायचं काम डॉ. निवेदिता बेळेकरांकडे होतं. ही भुकटी घडवण्यातही त्यांचा हात होता. त्या हसून म्हणाल्या, "तुझी आई शास्त्राला धरूनच बोलतेय. नवी भांडी सुरुवातीला दचकतात, हिसके देतात. जुनं कसं वापरून मऊ झालेलं असतं."

खरंच, चिमीने ते भांडं पहिल्या क्षणापासून आपलंसं केलं. जरा बाळसं धरल्यावर तिच्या श्वासाची लय कानाला कळू लागली. तीन लहान श्वास, मग थोडा खंड, आणि मग एक लांब सुस्कारा, "हुश्श!"

आईच्या हातातलं ताट खाली पडायचं बाकी राहिलं. "अगो बाई! हे तर त्यांचंच! खुर्चीत टेकले की अस्सेच करायचे."

मग काय, बघायला येणारी प्रत्येक बाई तेच म्हणू लागली. नाक बापाचं असेल, पण पोर गेलीय अगदी आजोबांच्या वळणावर! सुरंगी ते ऐकून हसायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. बाबा परत आल्यासारखं वाटून तिला फार फार बरं वाटायचं.

एकदा आंघोळ घालायला, तेवढा वेळ घरातल्या हवेवर निभे म्हणून, तिने चिमीचा पट्टा आणि नळी काढून भांडं पलंगावर ठेवलं. बाळाचं अंग चोळताना तिच्या कानावर मागून आवाज आला. फुस्. फुस्. फुस्. मग काहीच नाही. मग लांबलचक, "हुश्श!"

तिने वळून पाहिलं. पट्टा पलंगावर सुटा पडला होता. त्याच्यात कुणाची छाती नव्हती. आणि तिच्या हातातली चिमी त्या पलंगावरच्या आवाजाबरोबर श्वास घेत होती. तो थांबला की थांबत होती.

डॉ. बेळेकर निरोप मिळताच आल्या. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत बसल्या.

"मॅडम, वीज गळतेय का कुठे?" सुरंगीने विचारलं.

"नाही. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की काय होतं? उलगडली तरी घडी दिसते ना, तसं झालंय. एकाच लयीत उघडून-मिटून ही जाळी ती लय धरून ठेवते. आम्ही त्याला 'वळण' म्हणतो. मोठ्या माणसांत ते कधी जाणवत नाही, कारण त्यांच्या छातीला स्वतःचं वळण असतं, ते भांड्याला पुरून उरतं. पण चिमीला कुठलं आलंय वळण? मी हा विचार करायला हवा होता, सुरंगी. माझं चुकलं."

"असू दे हो हिच्या बाबांची लय. काय बिघडलं?" आई मधेच म्हणाली.

डॉ. बेळेकरांनी सुरंगीकडे पाहिलं. "सगळ्यात पक्कं बसतं ते शेवटचं वळण. त्याच्यावर दुसरं काही बसलेलंच नसतं. तुझ्या बाबांची ती शेवटची दुपार या भांड्यात आहे. हा मधला खंड लांबत जाणार."

"आणि मग?"

"नवं भांडं आण. आत्ताच."

सुरंगीने धावत जाऊन नवं भांडं आणलं. डॉ. बेळेकरांनी जुनं दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावलं आणि चिमीला नवं जोडलं. ते चिमीची छाती हलायची वाट पाहत राहिलं, आणि चिमी त्याची. ती रडली नाही की तडफडली नाही. शांतपणे छताकडे बघत पडून राहिली. तिचे ओठ निळे पडू लागले तशी सुरंगी किंचाळली, "जुनं लावा! आधी जुनं लावा!"

जुनं लावलं. "हुश्श!" चिमी गुलाबी झाली आणि हसली.

इतक्या कोवळ्या जिवाला वर नेणंही शक्य नव्हतं. दाब उतरताना रक्तात बुडबुडे झाले असते. एकच वाट उरली होती. "पट्टा तू बांध," डॉ. बेळेकर म्हणाल्या. "नळी चिमीच्या नाकाशीच राहू दे. म्हणजे भांडं तुझ्या छातीचं ऐकेल आणि चिमी भांड्याचं. हळूहळू बाबांच्या वळणावर तुझं वळण चढेल. पण खंड पडला की तू थांबायचं नाहीस. काही झालं तरी श्वास ओढायचास."

सुरंगीने पट्टा बांधला. नाकाशी स्वतःच्या भांड्याची नळी होतीच. चिमीला कुशीत आणि बाबांचं भांडं उशाशी घेऊन ती दिवसचे दिवस पडून राहू लागली. सुरुवातीला झटापटच व्हायची. भांडं थांबे, सुरंगी हट्टाने श्वास ओढी, भांडं नाखुशीने सुटे, चिमी दचके. पण पोर श्वास घेत होती! हळूहळू झटापट कमी झाली. डॉ. बेळेकर येत, ऐकत आणि म्हणत, "छान. आता सगळं एका लयीत चाललंय." सुरंगीचा जीव भांड्यात पडला.

एके दुपारी जेवणं आटोपली होती. आई भांडी विसळत होती. चिमीने तीन लहान श्वास घेतले आणि खंड पडला. आता ओढायचा, सुरंगीने मनाशी म्हटलं. खंड लांबला. ओढ ना, ती स्वतःला म्हणाली. छाती हलली नाही. आणि भीती वाटावी अशी गोष्ट ही, की तिला गुदमरल्यासारखं मुळीच होत नव्हतं. उलट जेवण झाल्यावर अंग सैलावतं ना, तसं छान वाटत होतं. इतके दिवस कोण कुणाला वळण लावत होतं, हे तिला तेव्हा कळलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं. हाकेला श्वास लागतो, तो नव्हता.

मग एकदाचा सुस्कारा आला. भांड्यातून, चिमीच्या नाकातून आणि सुरंगीच्या घशातून, तिन्हीकडून एकाच वेळी. "हुश्श!"

आई हात पुसत दारात आली. तिचे डोळे भरून आले होते. "अगो, तूसुद्धा?" ती म्हणाली. "माझ्या लक्षातच नाही आलं कधी. दोघी अगदी त्यांच्या वळणावर गेलात."

सुरंगीला मान हलवून नाही म्हणायचं होतं. तीन लहान श्वास होऊन गेले होते आणि पुढचा खंड सुरू झाला होता.

आईने पुढे होऊन दोघींच्या अंगावर जुन्या लुगड्याचं पांघरूण सारखं केलं आणि दिवा मंद केला.

"झोपा हो, झोपा," ती कौतुकाने म्हणाली. "दुपारची त्यांनाही अश्शीच गाढ लागायची."