फुटाण्याच्या नावाने आलेली सुपारी

शिवानी आणि विनेश यांची पहिली नजरानजर झाली तेव्हा दोघांच्या मध्ये एक मेलेलं पाकट होतं.

पाकट हा मासा जिवंतपणीही फारसा देखणा नसतो. श्रीवर्धनच्या वाळूत दोन दिवस ऊन खाल्ल्यावर तर त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवता येत नाही. पण शिवानीच्या फुटाण्याला त्यात काय दिसलं कोण जाणे! गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला असा तो कुत्रा पट्टा हिसकून धावत सुटला, पाकटावर आडवा झाला आणि अत्तर चोळावं तसा लोळू लागला.

शिवानी किंचाळली. तेवढ्यात सुरूच्या झाडांतून एक पांढरीशुभ्र पॉमेरेनियन कुत्री डौलात चालत आली. तिने फुटाण्याकडे तुच्छतेने पाहिलं, क्षणभर विचार केला… आणि तीही लोळायला लागली.

"बाईसाहेब!" मागून एक पुरुषी आवाज अक्षरशः कळवळला. "तुम्ही सुद्धा?"

आवाजाचा मालक उंच होता, सावळा होता, आणि इतका हादरलेला होता की शिवानीला आपलं हादरणं विसरायला झालं. मग दोघांनी मिळून दोन्ही कुत्र्यांना समुद्रात नेऊन धुतलं. प्रेमात पहिल्या भेटीचा सुगंध आयुष्यभर लक्षात राहतो म्हणतात. यांच्या तर अंगाला तो तीन दिवस राहिला.

विनेशची बंधाऱ्यामागे सुपारीची वाडी होती. दापोलीला शेतीचं शिक्षण घेऊन तो मुंबईला न जाता परत आला, याचा धक्का गावाला अजून पचायचा होता. बाईसाहेबांना कुणी पर्यटक रिसॉर्टच्या फाटकाशी सोडून गेले होते. विनेशने उचलून आणलं. त्या अजूनही गाडीचा हॉर्न वाजला की उठून बसत. शिवानी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून, लॅपटॉपवर करायची. दिवसभर पडद्यावरच्या चौकटींतली माणसं बघून झाल्यावर संध्याकाळी फुटाण्याला फिरवणं हाच तिचा माणसांत येण्याचा मार्ग होता.

दुसऱ्या दिवशी तो तिथेच भेटला.

"कसं आहे पोट?" त्याने विचारलं.

कुठल्याही मुलीला धक्का बसावा असंच हे पहिलं वाक्य. शिवानीलाही बसला. मग लक्षात आलं, चौकशी फुटाण्याच्या पोटाची आहे. पाकटाचा तुकडा त्याने गिळला होता. फुटाण्याचं पोट ठणठणीत होतं. सकाळीच त्याने आत्याच्या ताटातला अख्खा बांगडा लांबवला होता आणि वर शेपटी हलवली होती.

पण "बरं आहे" म्हटलं की बोलणं संपणार. आणि समोरच्याचे डोळे तर असे, की…

"जरा… नरम वाटतो," शिवानी म्हणाली.

तिथून सुरू झालं. रोज सूर्य बुडायच्या बेताला दोघं बंधाऱ्यावर भेटत. खारं वारं तिची बट कपाळावर आणी, तो ती बट बघे, तिला ते कळे, आणि मग ती घाईघाईने म्हणे, "काल रात्री दोनदा ओकला." पुढच्या आठवड्यात फुटाण्याला खाज सुटली. मग भूक मेली. मग एक पाय दुखू लागला. कुठला, ते शिवानीला दर दिवशी आठवावं लागे. विनेश प्रत्येक दुखणं गंभीरपणे ऐके, वाळूत गुडघे टेकून फुटाण्याचा जबडा उघडून बघे. मान खाली असली की त्याच्या मानेवरचा तीळ दिसे. त्या तिळापायी शिवानीने बिचाऱ्या कुत्र्याला काय काय आजार लावले!

"तुम्ही फार काळजी घेता याची," तो एकदा म्हणाला.

"तुम्ही पण… घेता."

"मी बाईसाहेबांची घेतो."

"मी कुठे म्हटलं कुणाची?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाईसाहेब जांभई देऊन समुद्राकडे वळल्या.

मार्गशीर्ष लागला तेव्हा शिवानीकडचे आजार संपत आले होते. शेवटी तिने भात्यातला राखून ठेवलेला बाण काढला.

"मला वाटतं… त्याला जंत झालेत."

"जंत?" विनेशने आवाज इतका हळू, इतका हळवा केला, की दुसरा कुणी त्या आवाजात 'चांदणं' म्हणाला असता. "पूर्वीचे लोक कुत्र्याच्या जंतांना आपली श्रीवर्धनची रोठा सुपारी द्यायचे. पाठवू… घरी? उद्या? चालेल ना तुमच्याकडे?"

"सुपारी ना? न चालायला काय झालं?" शिवानी म्हणाली.

तो एवढा का दचकला, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माडीवर कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होती. हेडफोन भेदून वडिलांचा आवाज आला. दिनानाथ एसटीत कंट्रोलर होते. जन्मभर स्टँडवर घोषणा केल्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या आळीत ऐकू जायचं.

"ऐका हो! आमच्या शिवानीची सोयरीक जमली! वाडीवाल्या विनेशशी! जमली हो!"

पुण्याचे साहेब पडद्यावरून म्हणाले, "शिवानी, अभिनंदन. पण माइक बंद कर."

ती जिन्यावरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. खाली आवडाआत्या पाटावर बसली होती. शिवानीची आई गेल्यापासून घर आत्याच चालवायची, आणि गावाचा उरलेला कारभारही. तिच्या एका हातात अडकित्ता होता, दुसऱ्या हातात सुपारीची दोन खांडं. बाकीच्या सुपाऱ्या पुरचुंडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलेल्या.

"आत्या… हे काय केलंस?"

"फोडली."

"फोडली?"

"मग काय चघळू? पोराकडची सुपारी आली, घर चांगलं हाय, पोर बघण्यातलं हाय. आपल्यात सुपारी फुटली की सोयरीक जमली."

ही रीत नेमकी कुणाची आणि केव्हापासूनची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आत्या म्हणाली म्हणजे होतीच.

"अगं, ती सुपारी कुत्र्यासाठी होती! फुटाण्याला जंत झालेत, त्याचं औषध होतं ते!"

आत्याने पायाशी बसलेल्या फुटाण्याकडे पाहिलं. फुटाण्याची तुकतुकीत कातडी उन्हात चमकत होती.

"ह्याला जंत? माझा बांगडा गिळून वर नाचतो, त्याला?" आत्या म्हणाली. "कोण म्हणतं?"

म्हणणारी शिवानीच होती.

"सुपारी घेऊन कोण आलं होतं?" तिने दुसरीकडून सुरुवात केली.

"त्यांच्या वाडीतला मोरू."

"तो काय म्हणाला?"

"मोरू कधी काय म्हणतो? पाणी प्यायला, गेला."

वडील अंगणातून परत आले. आळीच्या दोन्ही टोकांना त्यांनी घोषणा केली होती. "रद्द बिद्द होणार नाही," ते म्हणाले. "एकदा सुटलेली गाडी परत फलाटाला लागत नाही."

शिवानी पायरीवर बसली. दुःख असं की सोयरीक तिला नको होती, असं मुळीच नव्हतं. हाच मुलगा, हाच तीळ, तिला जन्मभर बघायला चालला असता. पण त्याने विचारलं कुठे होतं? त्याने माणुसकीने कुत्र्याला औषध पाठवलं आणि बदल्यात बायको गळ्यात पडली! तो भिडस्त. नाही म्हणायचा नाही. मग जन्मभर रोज संध्याकाळी तिला प्रश्न पडणार, हा हो म्हणाला तो मला, की आत्याच्या अडकित्त्याला? त्यापेक्षा आजच मोडलेलं बरं. गाव हसेल. हसू दे.

संध्याकाळी तिने देव्हाऱ्यातली पुरचुंडी मुठीत घेतली आणि फुटाण्याला घेऊन निघाली. बंधाऱ्यापर्यंत वाटेत चार जणांनी अभिनंदन केलं. त्यातल्या दोघांना ती ओळखतही नव्हती. आकाश भरून आलं होतं. अवेळी, डिसेंबरात.

तो वाडीतून थेट येऊन उभा होता; आळीतली घोषणा त्याच्या कानावर गेली नव्हती. चेहरा पांढराफटक.

"कसं आहे…" त्याने सुरुवात केली.

"पोटाचं राहू द्या." शिवानी म्हणाली. "तुमची सुपारी आत्याने फोडली."

विनेश बंधाऱ्यावर बसला. "फोडली?"

"अडकित्त्याने. सगळ्यांना वाटतंय तुम्ही मागणी घातलीत. उद्या घरी येऊन सांगा, सुपारी कुत्र्यासाठी होती म्हणून. तुम्हाला अडकवायचा माझा… मला तसं काही नकोय."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला तो राग वाटला. पुरुषांना हा फरक कळत असता तर निम्म्या प्रेमकथा पहिल्याच पानावर संपल्या असत्या.

"हो," तो मान खाली घालून म्हणाला. "जंतांसाठीच होती. तुम्ही म्हणत असाल तर… तसंच सांगतो."

झालं. हेच तर ऐकायला ती आली होती. मग बरं का वाटेना?

"मग ह्या परत घ्या," ती म्हणाली आणि पुरचुंडी त्याच्यासमोर धरली. वाऱ्याने आधीच सैल झालेली गाठ सुटली. लाल खणाचा तुकडा. आत चार सुपाऱ्या. प्रत्येक सुपारीवर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट… आणि तळाशी अक्षता.

शिवानी बघतच राहिली.

"विनेश," ती हळूच म्हणाली, "हे कुंकू कुणाला लावलंय? फुटाण्याला?"

त्याच्या कानांच्या पाळ्याच सगळं बोलत होत्या.

"आईने लावलं," तो शेवटी म्हणाला. "मी आईला सांगितलं होतं. जंतांना हल्ली सुपारी कुणीच देत नाही, भोवळ येते कुत्र्याला. गोळी असते. मला ठाऊक होतं."

"मग?"

"मग… तुमच्या घरी आवडलं तर मागणी. आणि चिडले तर म्हणणार होतो की…"

"की काय?"

"की कुत्र्यासाठी होती."

"म्हणजे माझ्या घरचे चिडले असते तर मी जंत?" शिवानी इतक्या जोरात ओरडली की बाईसाहेब उठून बसल्या.

"नाही! म्हणजे जंत फुटाण्याचे… तुम्ही…" तो उभा राहिला, पुन्हा बसला. "मला भीती वाटली."

"मला विचारायला काय झालं होतं?"

"रोज विचारायलाच यायचो! आणि रोज तुम्ही सांगायचात, तो ओकला, त्याला खाज आली, त्याचा पाय गेला. जिचं कुत्रं मरायला टेकलंय तिला लग्नाचं कसं विचारायचं?"

शिवानीने फुटाण्याकडे पाहिलं. मरायला टेकलेलं कुत्रं खेकड्याचं बीळ उकरत होतं.

"त्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे आता बरा आहे?"

"कधीच काही झालेलं नव्हतं."

"ती खाज?"

"नव्हती."

"पाय?"

"चारही धड आहेत."

"मी रोज तोंडात हात घालून जीभ तपासायचो!"

"तेव्हा तुमच्या मानेवरचा तीळ दिसायचा," शिवानी म्हणाली आणि तिचे स्वतःचेच कान तापले.

विनेश आ वासून तिच्याकडे बघत राहिला. पाकटावर लोळणाऱ्या बाईसाहेबांकडे बघतानाही तो इतका हादरला नव्हता. आणि नेमका तेव्हाच पहिला थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता सर आली.

बंधाऱ्यावर एकच पळापळ उडाली. "सुपारी! सुपारी झाका!" ज्याच्या त्याच्या अंगणात सुपारी वाळत घातलेली, आणि भिजलेली सुपारी काळी पडते. म्हातारेकोतारेही धोतर खोचून धावत सुटले.

विनेश हलला नाही.

"तुमची पण अंगणात असेल ना?" शिवानी म्हणाली.

"सगळी."

"मग पळा की!"

"भिजू दे," तो म्हणाला. पाणी त्याच्या पापण्यांवरून ओघळत होतं. "आधी विचारायचंय. शिवानी… तू…"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिला ऐकू आलं.

"…माझ्याशी लग्न करशील? अडकित्ता, आत्या, सगळं विसर. मी विचारतोय. तुला."

श्रीवर्धनात आजवर लोकांनी प्रेमापायी घर सोडलंय, जात सोडलीय, एकाने तर सरकारी नोकरी सोडलीय. पण पावसात वाळती सुपारी कुणी सोडली नव्हती. बंधाऱ्यावरून घराकडे धावता धावता थबकलेल्या दिनानाथांनी ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही.

"करीन," शिवानी म्हणाली. आणि लगेच त्याच्या दंडाला धरून खेचलं. "पण आता पळ, वेड्या! आपली सुपारी भिजतेय!"

'आपली' म्हणाली! विनेशला तो धक्का अंगणात पोचेपर्यंत पुरला. पुढे फुटाणा, त्यामागे चिखलाने माखलेल्या बाईसाहेब, त्यामागे हातात हात घेतलेली दोघं. अंगणात त्याची आई एकटीच ताडपत्री ओढत होती. तिने शिवानीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? ते टोक धर." आरती-ओवाळणी नंतर केव्हातरी झाली. खरा गृहप्रवेश तोच.

त्या आठवड्यात दोघं फुटाण्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काही झालं नव्हतं, नुसतं आपलं, इतके महिने उगाच बदनाम केलं म्हणून. डॉक्टरांनी तपासलं, चष्मा पुसला, पुन्हा तपासलं.

"याला जंत झालेत," ते म्हणाले.

शिवानीने विनेशकडे पाहिलं. विनेशने शिवानीकडे. मग तो किंचित पुढे झुकला आणि त्याच जुन्या, हळू, हळव्या आवाजात म्हणाला…

"जंत?"

आणि शिवानी पुन्हा एकदा, दवाखान्यातल्या फिनाइलच्या वासात, त्याच्या प्रेमात पडली.