पुसलेलं तेल

नागपूरच्या घर्षण प्रयोगशाळेत टेनपिन बोलिंगची, म्हणजे गोळा घरंगळवून दहा पिना पाडायच्या खेळाची, साठ फुटी लेन होती, अगदी खरीखुरी. तिच्या तोंडाशी उभ्या राहून डॉ. हेमांगी टिपणीस सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. तीन वाजून गेले होते आणि पाच वाजता चौकशीचा निर्णय लागणार होता. आशियाई स्पर्धेच्या संघातून अश्लेषा गायधनेचं नाव खोडलं गेलं, तर तो हेमांगीबाईंचाच प्रताप ठरणार होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निवड स्पर्धेसाठी आपला लाडका स्मरणगोळा त्यांनीच हौसेनं तिच्या हाती दिला होता. सहा वर्षं खपून तयार केलेला तो एकुलता एक नमुना देताना नियमावली उघडून बघायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

"नियम साधा आहे, बाई," चौकशी समितीचे तज्ज्ञ प्रा. मुकुंद डबीर म्हणाले. "खेळ चालू असताना गोळ्याचा पृष्ठभाग बदलायचा नाही. घासायचा नाही, चकाकी द्यायची नाही. आणि तुमचा गोळा तर आपला आपण बदलतो म्हणे?"

"बदलतो." खोटं बोलणं हेमांगीबाईंच्या रक्तातच नव्हतं. "लेनच्या पहिल्या चाळीस फुटांवर तेल असतं. तिथे गोळा घसरतो. पुढचे वीस फूट कोरडे, तिथे तो पकड घेतो आणि वळून पिनांवर जातो. खरखरीत गोळा लवकर वळतो, गुळगुळीत उशिरा."

"हे माझ्या नातीलाही ठाऊक आहे."

"पण प्रत्येक गोळा थोडं तेल उचलून नेतो, म्हणजे दर फेकीला लेन बदलते. खेळाडू बिचारा अंदाजानं चाचपडतो. परत आलेल्या गोळ्यावर मात्र तेलाचं कडं उमटलेलं असतं. गोळ्यावरचं माझं स्मृतिकवच ते कडं अर्ध्या मिनिटात शोषतं, लेनवर तेल किती उरलंय ते ओळखतं, आणि त्या हिशेबानं आपली सूक्ष्म छिद्रं उघडतं किंवा मिटतं. तेल जास्त असेल तर खरखरीत, कमी असेल तर गुळगुळीत."

"आणि कडं उमटलंच नसेल तर?"

"तर अजून फेक झालेली नाही असं समजून होतं तसंच राहतं."

"उत्तम," डबीर म्हणाले. "मग स्पर्धा जिंकली कोणी? पोरीनं की गोळ्यानं?"

बाकावर बसलेल्या अश्लेषाची मान खाली गेली. हेमांगीबाई मात्र हटल्या नाहीत. "यंत्रहातानं स्पर्धेआधीच दोन हजार फेकी करून झाल्यात. आता तिला टाकू द्या. गोळा किती बदलतो आणि तिचा हात किती काम करतो, दोन्ही वेगवेगळं मोजून दाखवते. मग काय ते लिहा."

अश्लेषा उठली. पहिली फेक झाली, गोळा खालच्या बोगद्यातून परत आला. तिनं तो उचलला, कमरेचा टॉवेल ओढला आणि खसाखसा पुसला.

"अगं! हे काय करतेस?" हेमांगीबाई ओरडल्याच.

"बॉल पुसून राहिली, मॅडम." अश्लेषा गोंधळली. "तेलाचा बॉल हातात घेतला तं आमचे सर हातावर पट्टी मारत. दहा वर्षं झाली, न पुसता मी एकही टाकला नाही."

"निवड स्पर्धेतही?"

"नाही तं काय!"

यंत्रहाताच्या कमरेला टॉवेल नसतो, ही गोष्ट सहा वर्षांत एकाही विद्वानाच्या डोक्यात आली नव्हती. हेमांगीबाईंनी घाईघाईनं गोळ्यातल्या नोंदी पडद्यावर घेतल्या. निवड स्पर्धेच्या दिवसाची रेघ पहिल्या फेकीपासून शेवटच्या फेकीपर्यंत सपाट होती. छिद्रं केसभरही हलली नव्हती.

"म्हणजे तुमचा गोळा दिवसभर झोपा काढत होता," डबीर हसले. "आणि टॉवेलनं पुसायला नियमाची हरकत नाही. सुटली पोर."

हेमांगीबाईंना हसू आलं नाही. त्या रेघेची उंची बघत होत्या. "झोपा काढत असता तरी बरं होतं. स्पर्धेआधीची याची शेवटची न पुसलेली फेक यंत्रहाताची, तीसुद्धा तेलानं थबथबलेल्या लेनवरची. त्यामुळे छिद्रं सताड उघडी. स्पर्धेच्या लेनवर तर तेलाचा थर अगदीच पातळ होता. अश्लेषा, गोळा लवकर वळत नव्हता का गं?"

"फार लवकर वळत होता. मग मी पावलं डावीकडे सरकवली, वेग वाढवला, मनगट बदललं. दर फेकीला काहीतरी बदलतच होती."

"मग गोळा बदलून का नाही घेतलास? दुसरा होता ना तुझ्याजवळ?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या, हा शिकणारा बॉल आहे, कधी चुकत नाही. मला वाटलं, चूक माझीच असंल."

नाचता येईना, अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखर वाकडं होतं आणि ही पोरगी आपलं नाचणं सुधारत बसली होती. हेमांगीबाईंचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

डबीरांनी तिथेच अहवाल लिहिला: गोळ्याने खेळाडूस मदत केलेली नाही, उलट अडथळा आणला, निवड कायम. सही करून ते म्हणाले, "पण हा गोळा यापुढे चालणार नाही. एखाद्यानं न पुसता टाकला की हा पुन्हा बदलणार. एक तर गोळा बाद करा, नाही तर छिद्रं कायमची पक्की करा."

"पक्की केली तर त्याला पुन्हा कधीच शिकता यायचं नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "बादच करते. तुला आशियाईसाठी चांगला गोळा घेऊन देऊ."

"नको," अश्लेषा म्हणाली. तिनं गोळा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. "याची छिद्रं पक्की करा. आत्ता आहेत तशीच, सताड उघडी."

"अगं, पण आता तुला माहीत आहे ना, तो चुकीचा आहे!"

"माहीत आहे. पण आयुष्यात सगळ्यात चांगली मी त्याच दिवशी खेळली, मॅडम. दोघांतल्या एकानंच शिकायचं असंल, तं मला शिकू द्या."

हेमांगीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग सहा वर्षांच्या मेहनतीकडे बघितलं, आणि छिद्रं पक्की करणारी भट्टी तापायला लावली.