मल्लव्वाचा हौद

"हळू बे! गाळणी तिरकी झाली की सगळ्या पळतील!"

कुंडलिक हौदावर ओणवा झाला होता. शांताच्या हातात आईची चहाची गाळणी होती आणि भीमानं काचेचा पेला धरला होता. मल्लव्वाची म्हैस चंद्री रवंथ करत तिघांकडे बघत होती.

"काय रं पोरांनो, माज्या हौदाचा चहा करतायसा व्हय?" मल्लव्वा दारातून ओरडली.

"तुमचा हौद वाचवतोय, मल्लव्वा!" शांता म्हणाली.

उन्हाळ्याची सुट्टी होती, पण गल्लीत खेळ बंद होते. घरोघरी थंडी वाजून ताप येत होता. शांताचा धाकटा भाऊ बाळ्या भर उन्हात गोधडीखाली कुडकुडत होता. गल्लीतले वडीलधारे गुरुसिद्धप्पा काका काल सगळ्यांसमोर म्हणाले होते, "या हौदात घाण, म्हणून डास. डास म्हणून ताप. शनिवारी गवंडी बोलावतो. फोडून टाकू!"

हौद गेला की चंद्री गेलीच. नळाला पाणी थोडाच वेळ यायचं, मग म्हशीसाठी ते साठवायचं कशात? आणि चंद्रीवाचून मल्लव्वानं जगायचं कशावर?

पेल्यातल्या अळ्या वळवळल्या आणि वर आल्या. डोकं खाली, शेपटीची नळी वर. सगळ्या उलट्या लटकल्या होत्या.

"लटकणाऱ्या!" भीमा ओरडला. "म्हणजे हिवतापाच्या न्हाईत!"

ही परीक्षा त्यांना विजयमालाताईंनी शिकवली होती. त्या शाळेत शास्त्र शिकवायच्या आणि गल्लीच्या टोकाला राहायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "सगळे डास एका जातीचे नसतात रे. गटाराच्या, शेवाळलेल्या पाण्यात क्यूलेक्स. त्याची अळी उलटी लटकते. घरातल्या रांजणात एडिस. तीही लटकते; तिचा डास मोठा झाला की पायांवर पांढरे पट्टे दिसतात. पण हिवताप पसरवतो तो अॅनॉफिलीस. त्याची अळी लटकत नाही, पाण्यावर आडवी पडून राहते. आणि तिला बहुतेक वेळा स्वच्छ पाणीच लागतं."

"गटार बघितलं, रांजण बघितले, हौद बघितला," कुंडलिक बोटांवर मोजत म्हणाला. "आता स्वच्छ पाणी उरलं कुठं?"

तिघांनीही एकदम गल्लीच्या मधल्या आडाकडे पाहिलं.

नळ आल्यापासून त्या आडाचं पाणी फारसं कुणी ओढत नसे. काका मात्र रोज पूजेला तांब्याभर न्यायचे आणि "काचेसारखं पाणी आहे! मी अजून पितो!" असं अभिमानानं सांगायचे.

भीमानं पोहरा सोडला. वर आलेलं पाणी शांतानं पांढऱ्या ताटात ओतलं. आधी काहीच दिसेना. मग काडीच्या तुकड्यासारखं काहीतरी हललं. एक, मग दुसरं, मग कितीतरी! सगळ्या पाण्यावर आडव्या!

"सापडल्या!" कुंडलिकनं उडीच मारली. "चला, काकांना दाखवू!"

शांता मात्र हलली नाही. ती हातातल्या गाळणीकडे बघत होती.

"या आडात मासे होते," ती हळूच म्हणाली. "हिवतापवाल्यांनी सोडलेले. गप्पी."

कुंडलिकचा चेहरा पडला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत याच तिघांनी पोहऱ्यात भाकरीचे तुकडे टाकून, याच गाळणीनं ते मासे पकडले होते. बरणीत ठेवून शाळेच्या प्रदर्शनात मांडले होते. बक्षीसही मिळालं होतं. मग एकेक करून मासे मेले.

"ते मासे अळ्या खायचे," भीमा म्हणाला. "आपण त्यांना..."

"गप बे! आपोआप मेले म्हणू की!" कुंडलिक म्हणाला. "कुणाला कळणार?"

"आणि बाळ्याला ताप कुणामुळं आला?" शांतानं विचारलं. "मल्लव्वावर आळ कुणामुळं आला?"

तेवढ्यात घणाचा आवाज आला. धाड! धाड!

शांतानं ताटातलं पाणी अळ्यांसकट रिकाम्या पेल्यात ओतलं आणि तिघे पळत सुटले. गवंडी मोकळा मिळाला म्हणून काकांनी शनिवारची वाटच पाहिली नव्हती. हौदाच्या विटा पाण्यात पडल्या होत्या. मैंदर्गीच्या एका गाडीवानानं चंद्री विकत घेऊन गाडीमागं बांधली होती. मल्लव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. गाडी हलली. शेवटी तिला हात काढावाच लागला.

"काका, ताप आडातून येतोय!" शांता धापा टाकत म्हणाली.

"काहीतरीच! असल्या नितळ पाण्यात डास?"

"मग हे प्या की!" तिनं पेला पुढं केला. "तुमच्याच आडाचं आहे."

काकांनी ऐटीत पेला ओठांपर्यंत नेला. नाकासमोर अळ्या वळवळल्या. त्यांनी घाईघाईनं पेला खाली घेतला. घणाच्या आवाजानं जमलेल्या गर्दीत कुणीतरी हसलं. गर्दीतून पुढं येऊन विजयमालाताईंनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. "अॅनॉफिलीसच आहेत."

"पण इतकी वर्षं नव्हत्या," काका चाचरत म्हणाले. "मग याच वर्षी कशा?"

कुंडलिकनं शांताकडे पाहिलं, मग तोच पुढं झाला. "मासे आम्ही काढले, काका. बक्षिसासाठी."

कुणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं.

ताईंनी नवे गप्पी आणवले. शांतानं ते आपल्या हातानं आडात सोडले. गोळ्यांनी बाळ्याचा ताप उतरला. काकांनी पदरच्या पैशानं हौद बांधून दिला आणि साऱ्या गल्लीसमोर म्हणाले, "तपास केला तो या पोरांनी! आणि खरं बोलायची छातीही दाखवली. शाबास!" टाळ्या वाजल्या. पण तिघांच्या माना वर होईनात.

दुसऱ्या दिवसापासून ते अळी धरू नये म्हणून रोज नव्या हौदातलं पाणी उपसू लागले, हौद घासून पुन्हा भरू लागले.

मल्लव्वा दारात येऊन उभी राहिली. "म्हस न्हाई. कुनासाटी भरतायसा रं?"

"चंद्रीसाठी," शांता म्हणाली. "आलीच तर."

मल्लव्वानं शांताच्या हातातली बादली घेतली आणि उरलेलं पाणी स्वतः हौदात ओतलं.