जुईलीच्या आधी बोलणारा बिल्ला

"मला उपमा नको," जुईली म्हणाली, तेव्हा तिचं तोंड दुधाने भरलेलं होतं.

आईने नेहमीप्रमाणे ऐकलंच नाही, त्यामुळे घरात कुणाला काही वाटलं नाही. दचकली ती एकटी जुईली. तिने दूध गिळलं आणि गळ्यापाशी लावलेल्या चपट्या बिल्ल्याकडे पाहिलं. वाक्य तिथून आलं होतं. आवाज तिचा, उपम्याचा कंटाळाही तिचाच. फक्त बोलली ती नव्हती.

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी वसलेल्या त्या वसाहतीत असा बिल्ला सगळ्यांनाच होता. त्याला 'पूरक' (राहिलेलं भरून काढणारा) म्हणत. हवेचे पंप सतत घरघरत असल्यामुळे अर्धवट उच्चार कुणाला कळत नसत. पूरक गिळलेली अक्षरं भरून देई. एवढी सोय झाल्यावर तोंड कशाला उघडायचं? जुईली वर्षभर वाक्यांची शेपटं गिळत आली होती.

बिल्ल्यावर एक आकडा उमटे : हल्लीच्या बोलण्यातली शंभरात किती अक्षरं त्याने भरली. तो पन्नासवर गेला, की नियमाप्रमाणे बिल्लाच तुमचा कायमचा आवाज. शेजारच्या पेंढारकरकाकांचं असंच झालं. आता काका खुर्चीत बसून स्वतःचं बोलणं ऐकतात. काकूंच्या मते विशेष फरक पडलेला नाही.

जुईलीचा आकडा होता अठ्ठेचाळीस.

ती धावत आजोबांकडे गेली. पूरक त्यांनीच बनवला होता. खिडकीबाहेरच्या हिरवट पाण्यात मासे तोंड उघडमीट करत होते. आवाज कुणाचाच नव्हता.

"आजोबा, हा माझ्या आधी बोल..."

"...तो," बिल्ल्याने पूर्ण केलं.

आजोबांनी चष्मा पुसला. "मी त्याला अंदाज बांधायला शिकवलं. तू अर्धं बोलून थांबायचीस, तो पुढचं ताडायचा. आता त्याला पहिलं अर्धंही लागेनासं झालंय. हुशार निघाला. मला फार अभिमान वाटायला हवा, पण भीती वाटते."

"काढून टाकू का?"

"त्याच्याशिवाय घराबाहेरचं एकही दार उघडत नाही. तोही माझाच शोध." आजोबा जरा ओशाळले. "बरं, अक्षरं तूच पुरी केलीस, तर आकडा उतरेल. म्हण : चटईला टाचणी टोचली."

हे तर सोपं! वर्गात तीनदा भरभर म्हणण्याची शर्यत लागायची. जुईलीने श्वास घेतला आणि सुसाट सुटली. "चटईला टाटणी टोटली, चटई..."

"चटईला टाचणी टोचली," बिल्ल्याने स्वच्छ म्हटलं. मग तो तिच्याच आवाजात हलकेच हसला. जुईली हसली नव्हती.

आकडा एकोणपन्नास झाला.

"सगळे हीच चूक करतात," आजोबा म्हणाले. "जीभ वळायला हवी, तर तिला पळवतात. आता हळू म्हण. 'च'ला जीभ कुठे लागते?"

"वरच्या... दातांच्या मागे."

"आणि 'ट'ला?"

"तिथून मागे. वर वळते."

"म्हणजे एका वाक्यात किती ये-जा! मेंदू पुढच्या अक्षराचा हुकूम आधीच सोडून ठेवतो. घाई केली, की तो हुकूम आधीच्या अक्षरावर चढतो. 'टाचणी'त 'ट' आणि 'ण' दोघंही जिभेला मागे ओढतात. मधला 'च' बिचारा सापडतो. हळू म्हटलंस, की प्रत्येक वळण पुरं होतं. पुन्हापुन्हा केलंस, की जिभेच्या स्नायूंना वाट पाठ होते. मग वेग. आधी वेग घेतलास, तर चूकच पाठ होईल."

जुईलीने डोळे मिटले. "च... ट... ई... ला."

बिल्ला गुणगुणला. त्याला मधली फट दिसत होती, पण भरायला काही सापडत नव्हतं.

"टा... च... णी."

"टो..." बिल्ला घाईने म्हणाला.

"थांब," जुईली म्हणाली. पूर्ण, 'ब'सकट. "मी म्हणते. टो... च... ली."

बिल्ला गप्प झाला. आकडा पुन्हा अठ्ठेचाळीसवर आला.

मग रोज न्याहारीआधी दहा वेळा सावकाश, दोनदा जरा भरभर. नुसत्या चटईने भागत नाही, म्हणून वाक्याची शेपटंही न गिळण्याचा नेम. महिन्याभरात आकडा नऊवर उतरला. पेंढारकरकाकाही येऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांना फक्त 'च' आला. काकूंना तो फार आवडला नाही.

एका सकाळी जुईली उपम्याला स्पष्ट शब्दांत नकार देऊन उठली. या वेळी आईने ऐकलं, आणि तरीही वाढला. खोलीत परतताना तिला उशीजवळून पुटपुट ऐकू आली. काढून ठेवलेला बिल्ला एकटाच बोलत होता. आवाज तिचा नव्हता. आजोबांचा नव्हता. वसाहतीत कुणाचाच नव्हता.

"च... ट... ई... टाट..."

तो अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

जुईलीला पळून जावंसं वाटलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली.

"घाई करू नकोस," ती सावकाश म्हणाली. "जमेल तुलाही."